३.८ मोठे की ३.३?

एक कोडे घालतो. २००४ साली इंटेल कंपनीने ३.८ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ प्रोसेसर बाजारात आणला. त्याच कंपनीच्या २०२२ मधील कोअर आय३-१२१०० चा मूळ वेग आहे ३.३ गिगाहर्ट्‌झ. यांतला कामाला जलद कोणता? वर्गात विचारले की बहुतेक हात पहिल्यासाठी वर जातात. संगणक घ्यायला पंढरपुराहून सोलापूरला निघालेले पालकही याच आकड्याकडे पाहतात.

गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला पडणारे अब्ज ठोके. एका ठोक्यात किती काम उरकते, हे तो आकडा सांगत नाही. आषाढीला लाडूप्रसादाची एकच खिडकी उघडली, तर देणाऱ्याने हात कितीही भराभर चालवावेत, रांग काही हटणार नाही. तो मात्र घामाघूम होईल. प्रोसेसरचेही तसेच. त्यात निर्माण होणारी उष्णता वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो! त्या पेंटियमची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली होती. मग कंपन्यांनी खिडक्याच वाढवल्या. या खिडक्या म्हणजे ‘कोअर’. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकत्र जुंपूनच उभारला होता. १२१०० मध्ये चार कोअर आहेत, आणि प्रत्येक कोअर एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त काम उरकतो. मूळ वेगाला उष्णता ६० वॉट. मिळाले ना उत्तर?

पत्र टंकणे, इंटरनेटवर पाठ पाहणे यांना चार कोअर पुरेत. त्यापुढे घरचे पैसे घालू नयेत, असे माझे मत.

खेळांचे गणित निराळे. तेथे पडद्यावरचे सुमारे वीस लाख ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे असतात. त्यासाठीचे वेगळे ग्राफिक्स कार्ड महाग पडते. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी (२०२१) मध्ये हे काम करणारा भाग प्रोसेसरमध्येच आहे, आणि हलक्याफुलक्या खेळांना तो पुरतो. उलट इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ अक्षर दिसले, तर सावध! १२१००एफ मध्ये तो भाग बंद केलेला असतो. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच. माझ्या एका विद्यार्थ्याने थोडे पैसे वाचवायला नेमका हाच आणला होता.

आणखी एक गोष्ट. या अंगच्या ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. तो संगणकाच्या रॅममधूनच उसनवारी करतो. तेव्हा १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्या. रस्ते दोन झाले की माहितीची ये-जा जवळजवळ दुपटीने होऊ शकते. दुकानदार आपणहून हे सांगेलच असे नाही, तुम्हीच विचारा.