पेरण्याआधी बियाणे पारखा



15 मे रोजी आपण शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण साजरा करतो. त्याच सुमारास बेळगाव-खानापूर भागात धूळवाफेच्या भातपेरणीची गडबड सुरू होते. नांगरट, शेणखत, मजूर यांची चिंता आपण महिनाभर वाहतो. कणगीतले बियाणे मात्र न तपासताच शेतात नेतो. मग उगवण विरळ झाली की दुबार पेरणी आली आणि तिच्यासाठी नवे कर्जही आले.

प्रभूच्या दाखल्यातील पेरणाऱ्याचे बी चांगले होते, जमिनी निरनिराळ्या होत्या. आपल्याकडे पुष्कळदा जमीन चांगली असते आणि बीच पोचट निघते. म्हणून पुढील दोन गोष्टी कराव्यात, असे आम्ही कळकळीने सुचवितो.

पहिली, उगवण तपासणी. बियाण्यातून न निवडता 100 दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा व सावलीत ठेवा. गोणपाट सुकू देऊ नका. आठवड्याने मोड आलेले दाणे मोजा. 80 किंवा अधिक उगवले तर बियाणे उत्तम. 60च उगवले तर दर 10 किलोंतील 4 किलो आपण मातीत घालविणार; असे बियाणे वेळीच बदलावे. संकरित वाणाचे घरचे बी मात्र पुन्हा पेरूच नये.

दुसरी, मिठाचे पाणी. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात थोडे थोडे भात ओतून ढवळा. तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाका. तळाचे जड बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवून सावलीत चांगले वाळवा. पेरणीच्या दिवशी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम अ‍ॅझोस्पिरिलम चोळल्यास नत्र मिळण्यास मदत होते.

बुरशीनाशक लावायचे असल्यास ते जिवाणू खताच्या आधी, पाकिटावरील प्रमाणातच लावा. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. औषध लावून उरलेले बियाणे विषच समजावे. ते ना माणसाने खावे, ना कोंबड्यांना घालावे. मुलांचा हात पोहोचेल तेथे ते ठेवू नये.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर प्रत्येकाने आपल्या बियाण्यातले मूठभर भात घेऊन यावे. चर्चच्या ओसरीवर बादली आणि मीठ तयार असेल. कोणाचे बी तरते व कोणाचे बुडते, ते आपण मिळूनच पाहू.