तळाशीलच्या टोकाला वाट संपते, मग?

आचऱ्याहून किनाऱ्याने मालवणकडे चालत येणाऱ्यांनो, हे वाचून ठेवा. तोंडवली ते तळाशील उजवीकडे समुद्र, डावीकडे गड नदीची खाडी आणि मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. टोकाला खाडी समुद्राला मिळते, पलीकडे सर्जेकोट, पण मधे पूल नाही.

एरवी छोट्या वहाळावर माडाचे ओंडके टाकून, बांबूचा कठडा बांधून साकव उभा राहतो. इथे खाडीच्या मुखावर तो टिकणार नाही. पात्र रुंद, वाळू सरकणारी, शिवाय होड्यांची ये-जा. पादचारी पूल हवाच, पण टोकापासून आत, भक्कम पाया मिळेल तिथे.

तोवर होडी मिळाली तर उत्तम. नाहीतर मागे फिरून आचरा-मालवण रस्ता गाठा, कालावलचा पूल ओलांडा. भरतीच्या वेळी पुळणीवरून चालू नका. वाडीतल्या वाटेने जा.