ओढण्याची ताकद आणि पेलण्याची ताकद : ट्रॅव्हल ट्रेलरसाठी ट्रक निवडताना

राष्ट्रीय उद्यानं पाहायची, पण रोज नवं मोटेल नको आणि मुलांना रोज बाहेरचं खाणंही नको. असा विचार सुरू झाला की अमेरिकेतलं कुटुंब हळूहळू ट्रॅव्हल ट्रेलरकडे वळतं. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर सगळं असतं. मग तो ओढायला पिकअप ट्रक शोधायचा. विक्रेता सांगतो, "हा ट्रक ११,००० पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर भरून जेमतेम ७,००० होईल. काळजीच नको!"

वाक्यातला प्रत्येक आकडा खरा असू शकतो. तरीही हीच जोडी रस्त्यावर धोकादायक ठरू शकते. ते कसं, हे शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमाने आणि साध्या बेरजेने कळतं. खरेदीच्या आधी हे गणित एकदा स्वतः करून पाहा.

११,००० पौंडांचा आकडा येतो कुठून?

ट्रकची ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी अमेरिकेत एसएई जे-२८०७ नावाचं प्रमाण वापरतात. त्यातली सर्वांत प्रसिद्ध परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटाची आहे. हा चढ ११.४ मैलांचा असून त्यात सुमारे ३,००० फूट उंची गाठावी लागते. हवेचं तापमान किमान १०० अंश फॅरनहाइट आणि एसी पूर्ण चालू असताना, ट्रेलरसह चढताना साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये.

परीक्षा कडक आहे यात शंका नाही. पण त्या ट्रकमध्ये बसलंय कोण, ते पाहा. प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं. मागची सीट रिकामी, सायकली नाहीत, कूलर नाही. ट्रेलरही असा भरलेला की त्याच्या वजनाचा फक्त १० टक्के भाग हिचवर येतो. तुमचं चौघांचं बिऱ्हाड या चित्रात कुठेच नाही. थोडक्यात, ११,००० हा आकडा इंजिन, गिअर आणि थंड करण्याची यंत्रणा किती ओढू शकतात ते सांगतो. ट्रकच्या पाठीवर किती ओझं चालेल, हा प्रश्न वेगळा आहे.

बैलगाडी आणि दांडीवरचा भार

बैलगाडी भरणारा शेतकरी हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. ओझं चाकांच्या मागे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. अशा गाडीला आपल्याकडे 'उलाळ' म्हणतात. म्हणून ओझं थोडं पुढे सरकवून भरायचं, म्हणजे जू मानेवर नीट बसतं. फार पुढे आलं तर बैलांची मान दबते.

ट्रॅव्हल ट्रेलरचंही असंच आहे. त्याची चाकं साधारण मध्याच्या थोडी मागे असतात आणि पुढची दांडी ट्रकच्या हिचवर टेकते. दांडीवर येणाऱ्या या भाराला 'टंग वेट' म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी तो भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. त्याहून कमी झाला तर ट्रेलर उलाळ होतो, जास्त झाला तर ट्रकची मान दबते.

आता दाराची चौकट बघा

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेच्या दाबाची माहिती देणारी एक पट्टी दिसते. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये. हे पेलोड. टंग वेटसुद्धा यातूनच वजा होतं, कारण तो भार ट्रकच पेलत असतो. खुद्द ड्रायव्हरचं वजनही यातच धरायचं.

उदाहरण म्हणून 'हाफ टन' वर्गातला एक ट्रक घेऊ. पट्टीवरचा आकडा १,६०० पौंड. ट्रेलर भरून ७,००० पौंड, टंग वेट १३ टक्के. बेरीज अशी :

टंग वेट : ९१०
आई, बाबा आणि दोन मुलं : ४७०
हिचचं स्वतःचं वजन : ९०
मागच्या हौद्यात चार सायकली आणि त्यांचा रॅक : १५०
कूलर, खुर्च्या, लाकडं : १००

एकूण १,७२० पौंड. ओढण्याच्या क्षमतेपैकी जेमतेम दोन-तृतीयांश वापरली आहे, पण पेलण्याची क्षमता १२० पौंडांनी ओलांडली. मर्यादा अनेक असतात, आणि जी आधी संपते तीच खरी मर्यादा. कौटुंबिक ट्रेलरच्या बाबतीत ती बहुतेक वेळा पेलोडची असते.

इथे आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली ट्रेलरबद्दल. माहितीपत्रकातलं 'ड्राय वेट' म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, त्याच्यावर हिशोब करू नका. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंडांचा, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. त्यावर भांडी, कपडे, गॅस सिलिंडर, बॅटरी. दुसरी गोष्ट ट्रकबद्दल. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचं पेलोड शेकडो पौंडांनी वेगळं असू शकतं. काचेचं मोठं छप्पर, फोर-व्हील ड्राइव्ह, विजेवर सरकणाऱ्या सीट या प्रत्येकाचं वजन पेलोडमधूनच जातं. महागडा ट्रक म्हणूनच कधीकधी स्वस्तापेक्षा कमी पेलतो.

पुढची चाकं हलकी का होतात?

हिचचा बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. समजा, ट्रकच्या दोन ॲक्सलमधलं अंतर १४५ इंच आहे आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून ६५ इंच मागे आहे. मागचा ॲक्सल हा तरफेचा टेकू झाला. बॉलवर ९१० पौंड दाबले की पुढचा ॲक्सल ९१० × ६५ ÷ १४५, म्हणजे सुमारे ४०८ पौंडांनी हलका होतो. मागच्या ॲक्सलवर ९१० आणि हे ४०८ मिळून १,३१८ पौंड वाढतात.

ट्रक वळवणारी चाकं पुढची असतात. ब्रेक लावल्यावर मोठा वाटाही तीच उचलतात. त्यांच्यावरचा भार कमी होणं म्हणजे रस्त्यावरची पकड कमी होणं. ओल्या रस्त्यावर हा फरक हाताला जाणवतो.

यावरचा उपाय म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. यात पोलादी कांबींसारख्या दोन स्प्रिंग ताणून ट्रेलरच्या दांडीला अडकवतात. हातगाडीचे दांडे वर उचलल्यावर तिचं ओझं पुढच्या चाकाकडे जातं, तसा या कांबी ट्रकचा मागचा भाग उचलून धरतात. आपल्या उदाहरणात बॉलपासून ट्रेलरचा ॲक्सल २२० इंच मागे आहे असं धरू. पुढच्या ॲक्सलचा गेलेला निम्मा भार परत आणायचा तर हिशोब असा येतो : मागच्या ॲक्सलवरून सुमारे ३०८ पौंड उतरतात, त्यातले २०४ पुढच्या ॲक्सलवर जातात आणि १०४ ट्रेलरच्या चाकांवर. नेमका किती भार परत आणायचा ते ट्रकच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळावं.

या हिचने पेलोडचा प्रश्न सुटला का? १,७२० मधून १०४ गेले, उरले १,६१६. मर्यादा अजूनही ओलांडलेलीच. चांगला हिच भाराची वाटणी सुधारतो. ट्रकचं पेलोड त्याने वाढत नाही.

धोक्याची युक्ती

आता बहुतेकांना एक सोपी युक्ती सुचते. सायकलींचा रॅक हौद्यातून काढून ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावू! ट्रकवरचे १५० पौंड तर जातातच, शिवाय ट्रेलरच्या मागे ओझं गेल्याने दांडीही हलकी होते. रॅक ट्रेलरच्या ॲक्सलमागे १३ फुटांवर असेल तर टंग वेट सुमारे १०६ पौंडांनी घटतं. त्यात ट्रेलरची पाण्याची टाकी ॲक्सलच्या ६ फूट मागे असली आणि ती भरून घेतली, की आणखी सुमारे १०९ पौंड कमी. टंग वेट उरलं ६९५.

नवी बेरीज : ६९५, ४७०, ९० आणि १०० मिळून १,३५५ पौंड. १,६०० च्या बरंच आत. कागदावर सगळं छान दिसतं. पण ट्रेलरचं वजन आता ७,४८४ पौंड झालं आहे आणि टंग वेट त्याच्या फक्त ९.३ टक्के. गाडी उलाळ झाली.

उलाळ बैलगाडी जागीच कळते. उलाळ ट्रेलर मात्र ताशी ४० मैलांवर शहाण्यासारखा वागतो आणि ६५ वर अचानक शेपूट हलवू लागतो. याला 'स्वे' म्हणतात. शेजारून मोठा ट्रक गेला किंवा वाऱ्याचा झोत आला की ट्रेलर थोडा बाजूला ढकलला जातो. त्याचे टायर त्याला परत रेषेत आणतात आणि हेलकावे दोन-तीनदा होऊन विरतात. विरण्याचा हा गुण वेग वाढेल तसा कमी होतो. एका ठराविक वेगाला तो शून्य होतो. त्यापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, झोक्याला कोणीतरी वेळेवर धक्का देत राहावं तसा. दांडी हलकी असेल तर हा घातक वेग खाली येतो, नेमका हायवेच्या वेगापर्यंत.

सायकली मागे लावण्याचा दुसरा तोटा जडत्वाचा आहे. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. ॲक्सलपासून ३ मीटरवरचं ओझं १ मीटरवरच्या तेवढ्याच ओझ्यापेक्षा नऊपट हट्टी असतं. एकदा डोलायला लागलं की थांबवणं कठीण. म्हणून जड सामान ॲक्सलच्या आसपास आणि किंचित पुढे ठेवायचं. टोकांना हलकं सामान.

स्वे सुरू झालाच तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नका आणि वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे, हे निघण्याआधीच हाताला माहीत हवं. घर्षणाने डोलणं रोखणारे हिच मिळतात आणि ते उपयोगीही आहेत. पण चुकीच्या भरणीवर ते इलाज नाहीत.

उतार आणि वारा

चढाची चिंता सगळे करतात. उताराचंही गणित बघा. ट्रक आणि ट्रेलर मिळून सुमारे ६ टन. ३,००० फूट उतरताना जी ऊर्जा मोकळी होते तिने साधारण १७० लिटर पाणी उकळीला आणता येईल. हवेचा विरोध त्यातला काही भाग घेतो, बाकी सगळं इंजिन आणि ब्रेकवर. केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून निकामी होऊ शकतात. खंबाटकीत पाळता तोच नियम रॉकी पर्वतात : टो-हॉल मोड चालू करा आणि लहान गिअरमध्ये, आधीपासूनच सावकाश उतरा.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५५ वरून ६५ मैलांवर गेलात की तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. पेट्रोलचा खर्च तर वाढतोच, शिवाय ट्रेलरचे अनेक टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच चालवायचे असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ५५ च आहे.

मग घ्यायचं काय?

दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, ट्रेलर लहान घ्या. भरून ५,५०० पौंडांचा असेल तर १३ टक्क्यांनी टंग वेट ७१५. सायकली हौद्यातच ठेवूनही एकूण १,५२५. हा ट्रक पुरतो. दोन, ट्रक मोठा घ्या, म्हणजे 'थ्री-क्वार्टर टन' वर्गातला. पण तिथेही डिझेल इंजिन जड असल्याने पेलोड खातं, तेव्हा दाराची पट्टी वाचायचीच.

हिच घेताना चार गोष्टी तपासा. ट्रकखालच्या रिसीव्हरच्या पट्टीवर साध्या हिचसाठी आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसाठी वेगवेगळ्या मर्यादा लिहिलेल्या असतात. बॉलचा व्यास ट्रेलरच्या कपलरवर लिहिलेल्या मापाचाच हवा. स्प्रिंग खऱ्या, भरलेल्या टंग वेटनुसार निवडायच्या. आणि जोडल्यावर ट्रेलर समतल किंवा नाकाशी किंचित झुकलेला दिसावा, नाक वर करून कधीच नाही.

शेवटी, अंदाज तो अंदाजच. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, तो प्रत्येक ॲक्सलचा भार वेगळा दाखवतो. सगळं सामान आणि सगळी माणसं घेऊन तीनदा वजन करा : हिचच्या कांबी ताणून, कांबी सोडून, आणि ट्रेलर बाजूला ठेवून नुसत्या ट्रकचं. दुसऱ्या वेळच्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून तिसऱ्या वेळचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं. पहिल्या वेळचा पुढचा ॲक्सल तिसऱ्या वेळेशी ताडून पाहिला की हिच नीट बसवला आहे का ते कळतं.

तोवर पुढच्या शनिवारी शोरूममध्ये गेलात, तर माहितीपत्रक नंतर वाचा. आधी ड्रायव्हरचं दार उघडा, पट्टीचा फोटो काढा आणि घरी येऊन वरची बेरीज तुमच्या आकड्यांनी करा. ती जमली नाही, तर सही पुढे ढकला.