फाउची: दोन साथरोग आणि दोन प्रकारचा रोष

२०२१ च्या सप्टेंबर महिन्यात 'फाउची' हा माहितीपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, त्यावेळी त्या देशात कोविड-१९ ने सहा लाखांहून अधिक बळी घेतले होते आणि साथ ओसरलेली नव्हती. चरित्रपट बहुधा नायकाचे कार्य संपल्यावर तयार होतात. येथे मात्र चरित्रनायक अद्याप आपल्या पदावर होता, दूरचित्रवाणीवरून देशाला सल्ला देत होता आणि त्याच्या घराभोवती सशस्त्र पहारा होता. जॉन हॉफमन आणि जॅनेट टोबायस यांनी दिग्दर्शित केलेला, सुमारे पावणेदोन तासांचा हा माहितीपट नॅशनल जिओग्राफिकने सादर केला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो डिस्ने प्लसवर उपलब्ध झाला. डॉ. अँथनी फाउची यांनी यासाठी मानधन घेतलेले नाही आणि आशयावर त्यांचे कोणतेही नियंत्रण नव्हते, असे निर्मात्यांनी जाहीर केले होते. एका वैद्यकीय अधिकाऱ्यावरील चित्रपटासाठी असा खुलासा करावा लागणे, यावरूनच त्यावेळच्या वातावरणाची कल्पना येते.

डॉ. फाउची यांचा जन्म २४ डिसेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि लहानपणी सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी औषधे पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे असे. १९६६ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविल्यानंतर १९६८ मध्ये ते राजधानी वॉशिंग्टनजवळील बेथेस्डा येथे, अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये रुजू झाले. या समूहातील ॲलर्जी व संसर्गजन्य रोगविषयक संस्थेचे संचालकपद त्यांनी १९८४ मध्ये स्वीकारले आणि डिसेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे तब्बल ३८ वर्षे, सांभाळले. रोनाल्ड रेगन ते जो बायडेन अशा सात राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीत ते या पदावर होते.

माहितीपटाची रचना कालक्रमानुसार नाही. एड्सची साथ आणि कोविडची साथ यांच्यामध्ये तो सतत ये-जा करतो. या रचनेमुळे एक गोष्ट स्पष्टपणे समोर येते. दोन्ही वेळा त्याच व्यक्तीवर, त्याच पदावर असताना, जनतेच्या एका गटाचा तीव्र रोष ओढवला. परंतु दोन्ही रोषांची जातकुळी वेगळी होती आणि त्यांचे परिणामही अगदी भिन्न झाले.

पहिल्या रोषाची पार्श्वभूमी अशी. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका दुर्मिळ प्रकारच्या न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध झाली. डॉ. फाउची त्यावेळी प्रतिकारशक्तीशी निगडित अन्य विकारांवर यशस्वी संशोधन करीत होते. ते बाजूला ठेवून, अद्याप नावही न मिळालेल्या या आजाराकडे त्यांनी मोर्चा वळविला. त्यानंतरची काही वर्षे त्यांच्या रुग्णालयात दाखल होणारे बहुतेक रुग्ण मृत्युमुखी पडत होते. काहींची दृष्टी विषाणूजन्य संसर्गामुळे काही दिवसांतच जात असे. त्या काळातील रुग्णांविषयी बोलताना डॉ. फाउची यांचा कंठ दाटून येतो, तो प्रसंग या माहितीपटातील सर्वाधिक परिणामकारक प्रसंग म्हणावा लागेल. त्यांच्या पत्नी डॉ. क्रिस्टीन ग्रेडी यांच्याशी त्यांची पहिली भेट १९८३ मध्ये रुग्णालयातच झाली होती. परिचारिका असलेल्या ग्रेडी पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या तज्ज्ञ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

एड्सवरील पहिले औषध, एझेडटी, मार्च १९८७ मध्ये मंजूर झाले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' ही संघटना स्थापन झाली. रुग्ण आणि त्यांचे मित्र यांच्या या संघटनेची तक्रार औषध चाचण्यांच्या पद्धतीविषयी होती. ही पद्धत समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही.

नवे औषध गुणकारी आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी रुग्णांचे दोन गट केले जातात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला औषधाविना केवळ तशीच दिसणारी गोळी, किंवा आधीपासून रूढ असलेले औषध दिले जाते. कोणाला काय मिळाले, हे चाचणी संपेपर्यंत रुग्णाला वा डॉक्टरला कळू दिले जात नाही. अन्य औषधे घेणाऱ्यांना अनेकदा चाचणीतून वगळले जाते, कारण त्यामुळे निष्कर्ष गढूळ होतो. शास्त्राच्या दृष्टीने ही शिस्त योग्यच आहे. परंतु ज्याच्या हाती वर्षभराचेही आयुष्य उरलेले नाही, त्याला निकष पूर्ण होत नाहीत म्हणून परत पाठविणे म्हणजे मरणाच्या दारात सोडून देणेच होते. चाचणीचा निकाल लागेपर्यंत तो जगणार नव्हता.

संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेले नाटककार लॅरी क्रेमर यांनी १९८८ मध्ये एका खुल्या पत्राद्वारे डॉ. फाउची यांच्यावर अकार्यक्षमतेचा आणि थेट मनुष्यहत्येचा आरोप केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंदोलकांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला वेढा घातला. २१ मे १९९० रोजी सुमारे हजारभर निदर्शक बेथेस्डा येथील आवारात घुसले. त्या दिवसाच्या चित्रफिती माहितीपटात पाहावयास मिळतात.

तथापि संवादाची सुरुवात त्यापूर्वीच झाली होती. निदर्शने करणाऱ्यांपैकी काही जणांना अटक न करता आपल्या कार्यालयात चर्चेसाठी आणावे, असे डॉ. फाउची यांनी पोलिसांना सांगितले होते. पुढे त्यांच्या एका सहकाऱ्याच्या वॉशिंग्टनमधील घरी दोन्ही बाजूंच्या जेवणाच्या बैठकाही होऊ लागल्या. पीटर स्टेली यांच्यासारखे कार्यकर्ते रात्री त्यांच्याबरोबर जेवत आणि दिवसा त्यांच्याच विरोधात घोषणा देत, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. आंदोलकांनी दरम्यानच्या काळात विषाणूशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा कसून अभ्यास केला होता. त्यांची घोषणाबाजी बाजूला ठेवून केवळ म्हणणे ऐकले, तेव्हा त्यात तथ्य आढळले, असे डॉ. फाउची यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे.

या संवादातून दोन ठोस बदल घडून आले. १९८९ मध्ये डॉ. फाउची यांनी 'समांतर मार्गा'चा जाहीर पुरस्कार केला. ज्या औषधाची सुरक्षितता प्राथमिक चाचणीत दिसून आली आहे, ते मुख्य चाचणी सुरू असतानाच, त्या चाचणीत बसू न शकणाऱ्या रुग्णांनाही उपलब्ध करून देणे, असे या मार्गाचे स्वरूप होते. डीडीआय हे औषध अधिकृत मंजुरीपूर्वीच हजारो रुग्णांपर्यंत पोहोचले, ते याच विचारातून. दुसरे म्हणजे, चाचण्यांचे आराखडे ठरविणाऱ्या समित्यांमध्ये रुग्णांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले. अनेक शास्त्रज्ञांना हे प्रथम रुचले नाही. आज मात्र रुग्णप्रतिनिधींचा सहभाग ही वैद्यकीय संशोधनातील रूढ पद्धत झाली आहे.

क्रेमर यांच्याबाबतीत तर कथेला अनपेक्षित वळण मिळाले. १९९२ च्या आपल्या नाटकात त्यांनी डॉ. फाउची यांच्यावर बेतलेले एक पात्र रंगविले. २००१ मध्ये क्रेमर यांच्यावर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली, तेव्हा त्यांच्या उपचारांसाठी ज्यांनी धावपळ केली त्यांत डॉ. फाउची होते. मे २०२० मध्ये क्रेमर यांचे निधन झाले, तोपर्यंत हे स्नेहबंध टिकून होते.

१९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार प्रचलित झाला आणि श्रीमंत देशांतील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. आफ्रिकेतील रुग्णांना मात्र या औषधांचा खर्च पेलणारा नव्हता. वर्षाला दहा हजार डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येत असताना, फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तोच उपचार ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी दर्शविली. मग प्रश्न केवळ राजकीय इच्छाशक्तीचा उरला. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सांगण्यावरून डॉ. फाउची यांनी व्यापक योजनेचा आराखडा तयार केला. २८ जानेवारी २००३ रोजी बुश यांनी पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची 'पेपफार' योजना घोषित केली. तिच्यामुळे अडीच कोटी प्राण वाचल्याचे अमेरिकी सरकारने नमूद केले आहे. माहितीपटात बुश स्वतः याविषयी बोलतात. मुंबईच्या कंपनीने किमतीची भिंत पाडली नसती, तर ही योजना एवढा विस्तार कितपत गाठू शकली असती, हा विचार भारतीय प्रेक्षकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

डॉ. फाउची यांच्या संस्थेचे पुण्याशीही नाते आहे. वेळीच उपचार सुरू केल्यास एचआयव्हीबाधित व्यक्तीकडून जोडीदाराला होणारा संसर्ग टाळता येतो का, याचा शोध घेणाऱ्या चाचणीत नऊ देशांतील १,७६३ जोडपी सहभागी झाली होती. तिच्या केंद्रांमध्ये पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही होती. या चाचणीला डॉ. फाउची यांच्या संस्थेचे अर्थसाहाय्य होते. संसर्गात ९६ टक्के घट होत असल्याचा तिचा निष्कर्ष मे २०११ मध्ये जाहीर झाला आणि औषध हेच प्रतिबंधाचेही साधन असल्याचे सिद्ध झाले.

आता दुसऱ्या रोषाविषयी. कोविडची साथ पसरू लागताच डॉ. फाउची व्हाइट हाउसच्या कृती गटाचे सदस्य म्हणून घरोघरी पोहोचले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रभावी असल्याचा सबळ पुरावा नाही, हे त्यांनी मार्च २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या उपस्थितीत सांगितले आणि ते एका गटाचे नायक, तर दुसऱ्या गटाचे खलनायक ठरले. त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. एड्सच्या काळातील आंदोलकही त्यांना खुनी म्हणत होते. परंतु त्यांना औषध हवे होते, लवकर हवे होते. म्हणजेच उद्दिष्ट समान होते आणि वाद गतीचा होता. कोविडच्या काळात विरोधकांपैकी अनेकांना लसच नको होती आणि काहींना तर साथीचे अस्तित्वही मान्य नव्हते.

दोन रोषांमधील हा फरक माहितीपट प्रभावीपणे दाखवितो, परंतु तेथेच थांबतो. लस न घेणाऱ्यांचा अविश्वास कोठून आला, याच्या खोलात तो शिरत नाही. कौतुकाच्या भरात परखड चिकित्सा राहून गेली, ही काही समीक्षकांची टीका रास्त आहे. मार्च २०२० मध्ये सर्वसामान्यांना मुखपट्टीची आवश्यकता नाही, असे डॉ. फाउची यांनी सांगितले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरकारी सल्ला बदलला. लक्षणे नसलेल्या व्यक्तींकडूनही विषाणू पसरतो, हे तोपर्यंत स्पष्ट होऊ लागले होते आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मुखपट्ट्यांचा तुटवडाही होता. नवा पुरावा मिळाल्यावर मत बदलणे हा शास्त्राचा धर्म आहे. परंतु पहिला सल्ला पुरेशा माहितीअभावी दिला जात आहे, हे त्याच वेळी ठळकपणे सांगितले गेले असते, तर बदललेला सल्ला ऐकणाऱ्यांना तो कोलांटउडीसारखा वाटला नसता. सहा फूट अंतराच्या नियमामागील अभ्यासाविषयी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीने विचारणा केली, तेव्हाही डॉ. फाउची यांना विशिष्ट संशोधनाचा दाखला देता आला नाही. वुहानमधील प्रयोगशाळेला अप्रत्यक्षपणे मिळालेल्या अमेरिकी निधीवरूनही त्यांची कठोर उलटतपासणी झाली. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी पद सोडताना त्यांना आगाऊ क्षमादान दिले आणि त्याच महिन्यात ट्रम्प प्रशासनाने त्यांची सरकारी सुरक्षा काढून घेतली.

माहितीपटातील ही उणीव काही अंशी एका दुसऱ्या माहितीपटाने भरून काढली. मार्क मानुची यांचा 'डॉ. टोनी फाउची' हा माहितीपट अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवरून मार्च २०२३ मध्ये प्रसारित झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात डॉ. फाउची राजधानीच्या महापौर म्युरिएल बाउझर यांच्यासमवेत ॲनाकोस्टिया या कृष्णवर्णीयबहुल वस्तीत लसीचा प्रचार करीत हिंडतात, असा एक दीर्घ प्रसंग त्यात आहे. एका घराच्या दारात उभा असलेला रहिवासी त्यांना शांतपणे सांगतो की, नऊ महिन्यांत तयार झालेल्या लसीवर आपला विश्वास नाही आणि ही सारी मोहीम भीतीवर उभी आहे. या लसीमागील संशोधन अनेक वर्षांचे आहे, असे डॉ. फाउची समजावून सांगतात. तो ऐकून घेतो, पण लस घेण्यास नकार देतो. डॉ. फाउची आणि महापौर पुढच्या घराकडे वळतात.