घरात मांजर असले म्हणून…

पावसाळ्याचे दिवस. खिडक्या लावून घेतलेल्या, दोरीवर ओलसर कपडे, आणि दार उघडताच पाहुण्याच्या नाकाला जाणवणारा एक उग्र दर्प! घरच्या मंडळींना मात्र त्याची वार्ताही नसते. नित्याच्या वासाला नाक सरावलेले असते. आपल्या घरी मांजर वा कुत्रा असेल, तर चार दिवस परगावी राहून परतल्यावर उंबरठ्याशी क्षणभर थांबावे आणि एक दीर्घ श्वास घ्यावा. घराची खरी परीक्षा तेथेच होते.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. वासाला कंटाळून पाळलेले जनावर दूरच्या बाजारात सोडून दिल्याची उदाहरणे आपल्याही पाहण्यात असतील. घराच्या उबेत वाढलेल्या त्या मुक्या जिवाचे पुढे काय होते, हे सांगावयास नको.

वास पुन्हापुन्हा का येतो, हे प्रथम समजून घेऊ या. मांजराच्या मूत्रातील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. त्यात गंधकयुक्त द्रव्यांची भर पडते. खच्ची न केलेल्या बोक्याचा दर्प तर विशेष तीव्र. शिवाय मूत्रातील युरिक आम्ल पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे नुसत्या पाण्याने पुसलेली जागा कोरड्या हवेत निर्गंध भासते आणि हवा दमट होताच पुन्हा बोलू लागते.

ताजा डाग जुन्या फडक्याने दाबून टिपावा. चोळू नये, चोळल्याने ओल खोल जाते. मग गार पाण्याने धुवून, सम प्रमाणात पाणी मिसळलेला शिरका लावावा आणि जागा वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून काही तासांनी झाडून घ्यावा. मात्र शहाबादी वा संगमरवरी फरशीला शिरका लावू नका. ते चुनखडीचे दगड, आम्लाने त्यांची झिलई जाते. तेथे साबणाचे पाणीच बरे. मुरलेल्या डागांसाठी बाजारात एन्झाइमयुक्त द्रव मिळतात. ते शिंपडून लगेच पुसू नयेत, काही वेळ ओलेच राहू द्यावेत. कापसाच्या गादीत ओल उतरली असेल, तर अभ्रा धुऊन भागत नाही. कापूस काढून उन्हात घालावा व पिंजून घ्यावा.

आता फिनेलविषयी. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेल, असे समीकरणच होऊन बसले आहे. मीही एकदा साऱ्या घरभर दाट फिनेल फिरविले होते. सायंकाळी आमची मांजर पंजे चाटीत बसली आणि थोड्याच वेळात तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. पशुवैद्यांनी वेळीच उपचार केले म्हणून ती वाचली. फिनॉल वर्गातील द्रव्ये निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते, हे मला तेव्हा कळले. डांबरगोळ्या आणि कापूरही जनावरांच्या तोंडी लागता कामा नयेत. मूत्राच्या जागी ब्लीचिंगचे पाणी ओतणे तर आपल्यालाच घातक. अमोनियाशी संयोग होऊन त्यातून विषारी वायू निघतो.

वाळूची पेटी दिवसातून एकदा तरी साफ करावी. सून गरोदर राहिली की घरात पहिला हुकूम सुटतो तो मांजरावर! भीती अगदीच निराधार नाही. बाधित मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी बाहेर पडतो व तो गर्भाला अपाय करू शकतो. परंतु विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम होण्यास निदान एक दिवस लागतो. तेव्हा पेटी रोज साफ व्हावी, आणि ते काम घरातील दुसऱ्या कोणी करावे. यजमानांनी केले तर अधिकच उत्तम! हाच परजीवी अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीच्या मातीतूनही येतो. तेथेही तितकीच दक्षता हवी.

कुत्र्याचे काम तुलनेने सोपे. वारंवार साबणाने न्हाऊ घालण्यापेक्षा भिजलेले अंग नीट कोरडे करणे महत्त्वाचे. त्याचे अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्यात धुवावे आणि भिंतीच्या फटी बुजवाव्यात; गोचिडी तेथेच अंडी घालतात. एवढे करूनही वास राहिला, तर त्याचे दात आणि कान पाहावेत.

शेवटी एक गोष्ट. वर्षानुवर्षे पेटीत जाणारे मांजर एकाएकी कोपऱ्यात घाण करू लागले, तर त्याला मारू नका. बहुधा ते आजारी असते. बोका वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. अशा वेळी फरशी तशीच राहू द्यावी आणि उद्याची वाट न पाहता त्याला पशुवैद्यांकडे न्यावे.