कुठले कुलकर्णी?

आडनाव एक असले म्हणजे मूळ एक असते का? गावकीचे कागद, जनुकशास्त्र आणि दोन नाणी यांच्याकडे याचे उत्तर आहे.

लग्न जमवायला बसलेल्या मंडळींना 'आम्ही कुलकर्णी' एवढे सांगून भागत नाही. समोरून प्रश्न येतोच, "कुठले कुलकर्णी?" मग गाव निघते, गोत्र निघते, कुलदैवत निघते, आजोळ निघते, आणि चहा संपेपर्यंत कुणाची मावशी कुणाची तरी चुलत जाऊ निघते. हा प्रश्न आपण इतक्या सवयीने विचारतो की त्यातले शहाणपण लक्षात येत नाही. एकट्या आडनावावरून माणसाचे मूळ कळत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. अलीकडे जनुकशास्त्रानेही प्रयोगशाळेत तेच तपासून दाखवले आहे.

दप्तरातले नाव

'कुलकर्णी' हे मुळात आडनाव नव्हे, हुद्दा आहे. कूळ म्हणजे जमीन कसणारा, सारा भरणारा माणूस, आणि करण किंवा करणिक म्हणजे लेखनिक. कुळांचा हिशेब लिहितो तो कुलकर्णी. तेलुगू मुलखातला गावचा हिशेबनीस 'करणम', तो याच शब्दाच्या गोतावळ्यातला. गोव्यात गावकरीच्या कारभारात लिहिणाऱ्यालाही कुळकर्णीच म्हणत.

गावचा सारा वसूल करणे पाटलाचे काम, त्याचा कागद राखणे कुलकर्ण्याचे. कोणाकडे किती जमीन, कोणते पीक, किती आकार, किती वसूल, किती बाकी, हे सगळे तो बोरूने मोडीत लिही. आधी कागदावर डावीकडून उजवीकडे सलग रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, अशी ही लिपी. लिहिलेले कागद कापडी रुमालात बांधून दप्तर तयार होई. शाळेची पिशवी आजही आपण 'दप्तर' म्हणतो, तो याच घरातला शब्द.

गावात तंटा झाला की पंच जमत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्याखाली पाटलाच्या नावापुढे नांगराची आकृती काढलेली असते, 'निशाणी नांगर'. बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करत. कुलकर्ण्याचे नाव असे येते: स्वतःचे नाव, मग 'कुलकर्णी', मग 'मौजे अमुक' किंवा नुसतेच 'मौजे मजकूर', म्हणजे वर सांगितलेले तेच गाव. या तिसऱ्या तुकड्याकडे नीट पाहा. गावाचे नाव जोडल्याशिवाय 'कुलकर्णी' हा शब्द कागदावर पुरा होत नव्हता.

कुलकर्ण्याचे काम हे वतन होते आणि ते वंशपरंपरेने चाले, त्यामुळे बापामागून मुलगा कुलकर्णी होई. पुढे शाळा, कचेऱ्या आणि नोकऱ्यांच्या नोंदवह्यांत आडनावाचा रकाना आला आणि त्यात अनेकांनी वतनाचे नाव घातले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. उरलेल्या मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. तो कायदा १ मे १९५१ पासून लागू झाला. हुद्दा गेला, आडनाव राहिले, आणि त्याला चिकटलेले 'मौजे अमुक' वाटेत गळून पडले.

एक नाव, हजार मुळे

दख्खनच्या हजारो गावांत कुलकर्णी होते. बहुतेक ठिकाणी ते देशस्थ असत, पण काही ठिकाणी कऱ्हाडे, कुठे सारस्वत, कुठे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. खानदेशापासून धारवाड-विजापूरपर्यंत हे आडनाव सापडते ते एखादे घराणे तेवढे पसरले म्हणून नव्हे. एकच काम तेवढ्या गावांत चालत होते म्हणून. पत्रिकेत वधू आणि वर दोघेही कुलकर्णी असतात आणि कोणाला वावगे वाटत नाही, कारण गोत्रे निराळी असतात.

उलटही घडते. एकाच घरातला थोरला वतनावर राहून कुलकर्णी झाला आणि धाकटा गाव सोडून गेला तो गावाच्या नावाला 'कर' लावून राहिला, असे किती तरी घराण्यांत झाले. रक्त एक, आडनावे दोन. नाना फडणीसांचे मूळ आडनाव भानू. 'फडणीस' हा हुद्दा आहे. चिटणीस, पोतनीस, सबनीस, पारसनीस यांच्या शेवटी जो 'नीस' आहे, तो फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावे मराठा, दलित, बंजारा अशा अनेक समाजांत आहेत. म्हणूनच आडनाव ऐकून माणसाची जात ताडण्याची जी खोड आपल्याला आहे, ती चुकीची तर आहेच, फसवीही आहे.

पाटील हा शब्द जुन्या 'पट्टकिल'वरून आला आणि गुजरातेतला पटेल त्याचाच भाऊ. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत पटेल हे तिथले ९५ व्या क्रमांकाचे आडनाव होते, माणसे सुमारे २ लाख ३० हजार. गावच्या मुखत्याराचा हुद्दा अमेरिकेतल्या पहिल्या शंभर आडनावांत जाऊन बसला. आपल्याकडे जनगणनेत अशी आडनावनिहाय मोजदाद छापली जात नाही, त्यामुळे कुलकर्णी किती, पाटील किती, याचे आकडे कोणी ठामपणे सांगू लागले तर त्यांवर विसंबू नये.

वाय गुणसूत्राची साक्ष

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतले वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळते, मुलीला नाही. ते सहा कोटींहून थोड्या अधिक अक्षरांचे आहे आणि पिढी बदलताना त्यात फारच थोडा फरक पडतो. ज्या समाजात आडनाव बापाकडून येते, तिथे आडनाव आणि वाय गुणसूत्र एकाच वाटेने चालतात. मग एका आडनावाच्या पुरुषांचे वाय गुणसूत्र जुळायला हवे.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांवर हे तपासले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४८ साइक्स होते. त्यांच्यातले कोणी एकमेकांच्या ज्ञात नात्यात नव्हते, तरी जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच ठेवणीचे निघाले. पुढे लेस्टर विद्यापीठात ट्युरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांची तपासणी केली. २००९ साली आलेला निष्कर्ष आपल्यासाठी मोलाचा आहे. ॲटनबरोसारख्या, एका ठिकाणाहून निघालेल्या विरळ आडनावात बहुतेक पुरुष एकाच पूर्वजाकडे जातात. 'स्मिथ', म्हणजे लोहार किंवा धातुकाम करणारा, या आडनावात मात्र कोणतेही दोन स्मिथ रस्त्यावरच्या कोणत्याही दोन इंग्रजांइतकेच परके निघाले. लोहार गावोगाव होते, म्हणून स्मिथही गावोगाव झाले.

आपले कुलकर्णी, पाटील, देशमुख, जोशी हे त्या अर्थाने 'स्मिथ' आहेत. एखाद्या लहानशा वाडीवरून पडलेले 'कर'वाले आडनाव 'ॲटनबरो'च्या जवळ जाऊ शकते, तेही नेहमी नाही, कारण एका गावातून अनेक घरे बाहेर पडली तर सगळीच तेच आडनाव लावतात. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाची आडनावे पाहा: रोहेकर, पेणकर, किहीमवरून केहिमकर. ही गावांची नावे आजही इस्राएलमध्ये नांदत आहेत. २०१६ साली या समाजाच्या जनुकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. आडनावाने रोह्यापर्यंतची वाट सांगितली, त्यामागचा समुद्र जनुकांनी सांगितला.

दत्तकाने बदललेली वाट

वतनदार घरात मुलगा नसला की दत्तक घेत, कारण वतन आणि नाव दोन्ही चालायला हवे. दत्तकविधान झाले की गोत्र बदलते, आडनाव बदलते. वाय गुणसूत्र मात्र जन्मदात्याचेच राहते. ज्या शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन बंद केले, ते स्वतः कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव. १८८४ साली ते दत्तक गेले आणि कोल्हापूरच्या भोसल्यांच्या गादीवर आले. आज महाराष्ट्र त्यांना ज्या कामासाठी मानतो, त्याचा या गुणसूत्राशी काही संबंध नाही. माणूस नावाला कर्तृत्वाने अर्थ देतो, हे सांगायला याहून मोठे उदाहरण शोधायला नको.

दोन नाणी घ्या

काही आडनावे विरत का जातात आणि काही फोफावतात का? डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा फ्रान्सिस गॉल्टन याला हा प्रश्न पडला. १८७३ साली त्याने तो गणित म्हणून छापला आणि पुढच्या वर्षी हेन्री वॉटसन याच्यासोबत त्यावर निबंध लिहिला. त्याचा गाभा घरी बसून पाहता येतो.

शंभर पुरुष धरा, प्रत्येकाचे आडनाव वेगळे. प्रत्येकाला दोन अपत्ये. प्रत्येकासाठी दोन नाणी उडवा. छापा म्हणजे मुलगा, काटा म्हणजे मुलगी. आडनाव मुलाकडून चालते ही रूढ रीत धरा. दोन्ही काटे पडण्याची शक्यता चारात एक. म्हणजे पहिल्याच पिढीत सरासरी २५ आडनावे थांबली. जे मुलगे झाले, त्यांच्यासाठी पुन्हा नाणी उडवा. दुसऱ्या पिढीअखेर थांबलेली आडनावे ३९, तिसऱ्या पिढीअखेर ४८, पाचव्या पिढीअखेर ६०, दहाव्या पिढीअखेर ७४. लोकसंख्या सरासरीने तेवढीच आहे, कोणावर साथ आली नाही, दुष्काळ पडला नाही. तरी शंभर आडनावांतली २६ उरली आणि ती साधारण शंभर पुरुषांत वाटली गेली. त्या २६ घराण्यांत विशेष काही नव्हते, नाणी त्यांच्या बाजूने पडली एवढेच.

सगळीच आडनावे कधी ना कधी संपतील, असे वॉटसनने मांडले होते. ते चुकीचे होते. दरपिढीला सरासरी एकाहून जास्त मुलगे होत असतील तर आडनाव कायम टिकण्याचीही शक्यता असते. सरासरी एक किंवा कमी असेल तर मात्र शेवट ठरलेला. करोनाच्या साथीत 'एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो' हा आकडा रोज ऐकला, त्यामागचे गणित याच जातीचे.

या हिशेबाने जुन्या आडनावांचे देश ओळखता येतात. चीनमध्ये आडनावे फार प्राचीन, म्हणून तिथे थोडीच उरली आणि नुसत्या वांग आडनावाची माणसे दहा कोटींच्या घरात गेली. जपानमध्ये १८७५ च्या कायद्याने सर्वांना आडनाव सक्तीचे झाले. तिथे आज एक लाखाहून अधिक आडनावे आहेत, कारण नाणी फार वेळा उडालेली नाहीत. आपली बरीचशी मराठी आडनावे कागदावर पक्की झाली तीही अलीकडच्या काही पिढ्यांत, आणि म्हणूनच आपल्याकडे एवढी विविधता आहे.

दक्षिण कोरियात दर पाच माणसांत एक किम. पण तिथेही नुसते 'किम' पुरत नाही. प्रत्येक किमला मूळगाव असते: किम्हेचे किम, ग्योंगजूचे किम. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावाच्या स्त्रीपुरुषांना तिथे लग्नाची बंदी होती. १९९७ साली तिथल्या घटना न्यायालयाने ती अवैध ठरवली. आपल्या 'कुठले कुलकर्णी?' या प्रश्नाचे भावंड कोरियात 'कुठले किम?' म्हणून नांदते आहे.

माहेरची ओळ

दहा पिढ्या मागे जा, फार तर पेशवाईपर्यंत. त्या पिढीत तुमच्या पूर्वजांच्या जागा १,०२४. काही माणसे त्यात दोनदा येतील, पण आडनाव आले ते त्यांतल्या एकाकडून. बाकीच्या १,०२३ जागांचा तुमच्या अंगात सरासरीने तेवढाच वाटा आहे, आणि त्यांतली बहुतेक नावे आपण विसरलो आहोत. आईकडून मिळणारा तंतुकणिकांचा (मायटोकाँड्रियाचा) डीएनए त्यांतली आईच्या आईची, तिच्या आईची अशी एक ओळ जपतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली लढाईत पडला. २०१२ साली लेस्टरच्या एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीपासून आईच्या बाजूने आजवर आलेल्या वंशजांशी हा डीएनए जुळला. राजघराण्याच्या पुरुषांकडून आलेल्या वंशजांचे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही. वंशावळीत मान होता पुरुषांच्या ओळीला, सव्वापाचशे वर्षांनी साक्षीला आली बायकांची ओळ.

आपल्या घरच्या वंशवेलींत मुलींची नावे बहुधा नसतात. ती भरून काढायला आपल्यापाशी वेळ थोडा आहे, कारण ज्यांना ती तोंडपाठ आहेत त्यांची वये ऐंशीच्या पुढे गेली आहेत. या रविवारी एक कोरा कागद घ्या. आडनाव लिहा, त्यापुढे 'मौजे' लिहून मूळ गाव, कुलदैवत आणि असेल तर जुने आडनाव लिहा. मग आजीला विचारा, तुझे माहेरचे आडनाव काय, तुझ्या आईचे काय, तिच्या आईचे काय. ती सांगेल तेवढे सगळे तिच्यासमोर लिहून घ्या, तारीख घाला आणि कागद घरात जपून ठेवा.