मे महिन्यात शेततळ्यातला मासा काय करतो?

आजचा एपिसोड बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या शेततळ्यांवर आहे, म्हणजे खरं तर त्यातल्या माशांवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना राहून गेलेले काही आकडेही इथे टाकलेत.

प्रश्न साधा आहे. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा चाळिशी ओलांडतो. आपण कूलर लावतो, माठातलं पाणी पितो, गुरं झाडाखाली बांधतो. पण तळ्यातला रोहू, कटला, चिलापी किंवा पंगस कुठे जाणार?

इंदापूर तालुक्यात माझ्या मामांचं शेततळं आहे. उसाला पाणी आणि जोडीला मासे. मे महिन्यात मामा पहाटे चारचा गजर लावून झोपतात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे रात्री ऑन-कॉल असणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण माझा सर्व्हर पडला तर रीस्टार्ट करता येतो. तळं पडलं तर बीज, खाद्य आणि वर्षभराची मेहनत सकाळी पाण्यावर पांढरी होऊन तरंगते. मग गजर दुपारी एकचा न लावता पहाटे चारचा का? ऊन तर दुपारी असतं! आजचा सगळा एपिसोड या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

मागणी वाढते, पुरवठा घटतो

माशाला घाम येत नाही आणि स्वतःचं अंग गार ठेवण्याची सोयही त्याच्याकडे नाही. पाणी ३४ अंश तर मासाही जवळपास ३४ अंश. पाणी १० अंशांनी तापलं की शरीरातल्या क्रियांचा वेग साधारण दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होतो. म्हणजे ऑक्सिजनही तेवढा जास्त लागतो.

आणि नेमकं तेव्हाच पाणी हात आखडतं. समुद्रसपाटीला २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्याही खाली. आपण समुद्रसपाटीपासून उंचावर, म्हणजे आणखी थोडा कमी. तुलनेसाठी, एक लिटर हवेत जवळपास २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. आपण ज्या श्रीमंतीत श्वास घेतो ती माशाच्या नशिबी थंडीतसुद्धा नसते.

खेकड्याने शिकवलेली गोष्ट

उष्णतेने प्राणी नेमका कुठे हरतो? यावर २००० साली एका समुद्री खेकड्यावर केलेला प्रयोग बराच गाजला. पाणी तापवत नेलं तसं खेकड्याचं हृदय आणि कल्ले जोरात चालू लागले. पण एका मर्यादेनंतर ते पुरे पडेनात आणि रक्तातला ऑक्सिजन उतरू लागला. त्यावरून मांडणी अशी झाली की प्राणी उकडून मरण्याच्या बराच आधी ऑक्सिजन पुरवण्यात कमी पडतो. हे सगळ्या प्राण्यांना लागू होतं का यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. तळ्याच्या बाबतीत मात्र ही नजर कामाची आहे.

आपल्या शेताच्या बांधातला खेकडा यावर जुना उपाय करतो. ओलावा लागेपर्यंत बीळ खणतो आणि उन्हाळाभर आत बसून राहतो. उजनीतल्या माशालाही खोल पाण्यात उतरता येतं, निदान धरण मायनसमध्ये जाईपर्यंत तरी. शेततळ्यात मात्र खाली काळं प्लास्टिकचं अस्तर आणि चारी बाजूंना बांध. बीळ नाही, पळायला जागा नाही. सोसणं एवढंच उरतं.

पेशीतले मदतनीस

हे सोसणं पेशीच्या आत चालतं. प्रथिनं विशिष्ट घडीत असली तरच काम करतात आणि उष्णतेने ती घडी विस्कटते. मग पेशी 'हीट शॉक प्रोटीन' नावाचे मदतनीस बनवते. विस्कटलेली घडी नीट करणं आणि प्रथिनांचा एकमेकांत गुंता होऊ न देणं हे त्यांचं काम. या प्रतिक्रियेचा पहिला सुगावा १९६२ साली फेरुच्चो रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाशीत लागला. ही यंत्रणा माणसापासून माशापर्यंत आणि खेकड्यापर्यंत सगळ्यांत आहे.

पण हे फुकट होत नाही. फोन बॅटरी सेव्हरवर गेला की बाकीची ॲप्स मंदावतात ना, तसंच. जी ऊर्जा वाढीला जायची ती दुरुस्तीला जाते. मासा कमी खातो, वजन धरत नाही आणि रोगाला लवकर बळी पडतो. म्हणजे मासे मेले नाहीत तरी शेतकऱ्याचं नुकसान आधीच सुरू झालेलं असतं.

आता पहाटे चार

दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ सूर्यप्रकाशात ऑक्सिजन बनवतं. त्यामुळे दुपारी पाणी तापलेलं असलं तरी ऑक्सिजन बऱ्यापैकी असतो. सूर्य मावळला की कारखाना बंद, पण खाणारे सगळे जागे: मासे, जिवाणू आणि स्वतः शेवाळसुद्धा. रात्रभर फक्त खर्च. खात्यातली शिल्लक सगळ्यात कमी असते ती उजाडण्याच्या जरा आधी. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसले की समजायचं, वेळ थोडा उरलाय. पंगस हवेतूनही थोडा श्वास घेऊ शकतो. रोहू-कटल्याला ती सोय नाही.

दुपारचा धोका वेगळा आहे, अमोनियाचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तो पाण्यात येतो. पाण्याचा सामू ८ असेल, तर २५ अंशांना त्यातला सुमारे ५ टक्के भाग विषारी रूपात असतो. ३५ अंशांना तोच १० टक्के. घाण तेवढीच, विष दुप्पट. त्यात दुपारी शेवाळामुळे सामूही चढतो.

आणि तिसरा धोका ऐकून मी चाट पडलो होतो: वळवाचा पाऊस! उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, तळाचं त्यामानाने गार आणि जड. तळाशी गाळ कुजत असतो आणि तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो. वळीव आला की वारा आणि गार पाणी मिळून हे दोन थर एकदम ढवळतात. सगळ्या तळ्याचाच ऑक्सिजन कोसळू शकतो. आपण मातीच्या वासाने खूश आणि तिकडे मासे संकटात.

मग करायचं काय?

पाण्याची खोली राखायची, कारण उथळ पाणी लवकर तापतं. कडक उन्हात खाद्य कमी करायचं आणि संध्याकाळी उशिरा टाकायचं नाही, कारण पचनालाही ऑक्सिजन लागतो. एरेटर रात्री आणि पहाटे चालवायचा. वळवानंतर तर नक्कीच. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते सोडायचं तर उंचावरून फवाऱ्यासारखं. आणि वीज जाणारच हे धरून दुसरी सोय तयार ठेवायची. आमच्या भाषेत बॅकअप.

संशोधनही इथेच, घराजवळ चालू आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार अशा ताणांचा पिकांवर, जनावरांवर आणि माशांवर काय परिणाम होतो हा तिचा विषय. तिथे पंगस माशांना ३४ अंशांच्या पाण्यात ठेवून, खाद्यात सेलेनियम, झिंक असे घटक अगदी थोड्या प्रमाणात देऊन त्यांची सहनशक्ती वाढते का हे तपासलं गेलंय. म्हणजे माशाला पळता येत नसेल, तर निदान त्याची आतली यंत्रणा बळकट करायची.

पण कुठलंही खाद्य पहाटेच्या ऑक्सिजनची जागा घेऊ शकत नाही. तुमच्या घरी, गावाकडे कुणाचं शेततळं असेल तर हा एपिसोड व्हॉट्सॲपवर त्यांना पाठवा, वळीव यायच्या आधी. भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा!